बोलेरोला डिझेल, ताईंना पावती

२०१३च्या अर्थसंकल्पात निर्भया निधीसाठी १,००० कोटी ठेवले, तेव्हा वाटलं, चला, बाईच्या मदतीला पैसा आला. आला ना! कॅमेऱ्यांच्या रूपाने आला, गाड्यांच्या रूपाने आला. मुंबई पोलिसांनी याच निधीतून बोलेरो घेतल्या आणि २०२२च्या बातम्यांनुसार त्यांतल्या काही सत्ताधारी आमदार-खासदारांच्या ताफ्यात धावल्या. निधी सुरक्षेसाठीच होता हो. फक्त आधी लोकप्रतिनिधींचा नंबर लागला.

कॅमेरा चौकात लागतो. मार बहुतेकदा घरात, दार लावून बसतो. तिथे पोचते ती तालुक्याच्या स्वयंसेवी संस्थेतली समुपदेशक ताई. रात्री अकराला फोन येतो, रिक्षा करून ती बाईला आणि दोन पोरांना पोलीस ठाण्यात नेते, तिथून सरकारी दवाखान्यात. सकाळी पोरांच्या वडापावचे पैसेही तिच्याच पर्समधून. मग देणगीदार विचारतो, रिक्षाची पक्की पावती कुठाय? आणि तिमाहीत हिंसा किती टक्क्यांनी घटली, तेही तक्त्यात भरा. न झालेली मारहाण मोजायची कशी, हे कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत. (प्रशिक्षण हॉटेलात, त्याला बजेट असतं.)

त्यात परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीने अशी देणगी एका संस्थेने दुसरीला पुढे द्यायला बंदी केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २०वर आणली. पैसा दिल्लीतल्या मोठ्या संस्थेकडे उतरला की तिथेच मुक्काम.

तुम्हाला द्यायचंच असेल, तर तालुक्यातल्या संस्थेत जा, समुपदेशक ताईंचा पगार किती महिने थकलाय ते विचारा आणि तेवढा द्या. फोटो मागू नका.