धबधबा बंद, मॅगी चालू

महाराष्ट्रात पावसाळा दोनदा येतो. एकदा अरबी समुद्रावरून, हवामान खात्याच्या अंदाजाला जुमानून किंवा न जुमानता; आणि दुसऱ्यांदा जिल्हाधिकारी कार्यालयातून, आदेशाच्या रूपाने. पहिला कधी रेंगाळतो, कधी दडी मारतो. दुसरा नेमाने पडतो. त्याची अट एकच असते, आधी कुणीतरी वाहून जावं लागतं.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं, एक बाई आणि चार मुलं, लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. त्यावर विनोद होत नाही आणि करायचाही नाही. विनोद नंतर सुरू होतो. दुसऱ्याच दिवशी देशभर नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, जुनं कलम १४४ जाऊन त्याच्या जागी १६३ आलं, आणि नव्या कलमाचं पुणे जिल्ह्यातलं उद्घाटन धबधब्यांच्या हातून झालं म्हणायला हरकत नाही. पाच किंवा अधिक जणांनी जमू नये. खोल पाण्यात उतरू नये. धोक्याच्या जागी सेल्फी काढू नये, रील करू नये. मद्यपान करू नये. मोठ्याने गाणी लावू नयेत. एरवी दंगलीच्या बातम्यांत भेटणारं कलम असं एकदम कड्यावर जाऊन उभं राहिलं. पाण्याला मात्र आदेशाची प्रत मिळाली नसावी, कारण ते पूर्वीसारखंच मोठ्या संख्येने जमत राहिलं.

आदेश निघाला की यंत्रणा सज्ज होते. म्हणजे रस्त्यात एक आडवा बांबू, बांबूपाशी रेनकोटातले दोन पोलीस आणि झाडाला ठोकलेला एक फलक. बांबूच्या अलीकडे गाड्यांची दोन किलोमीटर रांग, आणि बांबूपासून दहा पावलांवर एक पायवाट, जी गावातलं कुठलंही पोरगं पन्नास रुपयांत दाखवतं. खारघरच्या पांडवकड्यावर वन खातं वर्षानुवर्षं पावसाळ्यात बंदी घालत आलंय. ती बंदी आता इतकी जुनी झालीय की तिचीच वर्षासहल काढावी. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल धोकादायक आहे, असा फलक होता. १५ जून २०२५ च्या रविवारी त्या पुलावर इतकी माणसं चढली की पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. फलक आपल्या जागी होता. म्हणजे प्रशासनाच्या हिशेबात प्रशासनही आपल्या जागीच होतं.

प्रशासनाला हसणं सोपं असतं, शिवाय ते उलट हसत नाही. आपल्याकडे वळू या.

शुक्रवारी रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘चला निसर्गाच्या कुशीत’ असा निरोप येतो. त्याखाली अंगठे, बदाम आणि एक नाचणारा मोर. मग निसर्गाच्या कुशीत काय काय न्यायचं याची यादी सुरू होते. ब्लूटूथ स्पीकर मोठा की छोटा, यावर मतदान होऊन मोठा निवडून येतो. पॉवर बँक, ड्रोन, कागदी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्लेटा, पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स (जिथे आभाळातून पाणी कोसळतंय त्या घाटात), आणि कुणाला तरी हमखास सुचणारी छोटी शेगडी. दुसऱ्या मजल्यावरचे काका विचारतात, ‘तिथे रेंज आहे ना?’ रेंज नसेल तर धबधबा बदलला जातो. शहराला कंटाळून बाहेर पडायचं तर शहर मागे एकटं कसं ठेवायचं, म्हणून आम्ही ते डिकीत घालून सोबत नेतो.

आणि मग लोणावळा. इथल्या भुशी धरणाची गंमत अशी की ते तुमच्याआमच्यासाठी कुणी बांधलेलं नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला घाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनांसाठी पाणी हवं होतं, त्यासाठी ते एकोणिसाव्या शतकात झालं. इंजिनं गेली, वाफ गेली. धरणाच्या पायऱ्या उरल्या. आता त्या पायऱ्यांवर बसून माणसं वाफाळतात. वर पाणी, खाली पाणी, मध्ये जीन्स घातलेला महाराष्ट्र आणि बाजूला कणीस, कांदाभजी, चहा, मॅगी. मॅगीचा आणि सह्याद्रीचा संबंध काय, असा प्रश्न विचारणाऱ्याला आता कड्यावर उभं करत नाहीत. पूर्वी घाटमाथ्यावर पिठलं-भाकरी आणि मिरचीचा ठेचा मिळे. तो अजूनही मिळतो, पण त्यासाठी ‘ऑथेंटिक’ असा फलक शोधावा लागतो आणि त्याचे पैसे जास्त पडतात.

लोणावळ्यात पार्किंग मिळालं नाही की ताम्हिणी. ताम्हिणीचा मोठा पट्टा २०१३ पासून अभयारण्य आहे, हे तिथे जाणाऱ्यांना सांगितलं तर ते ‘काय म्हणता!’ असं म्हणून आनंदाने हॉर्न वाजवतात. पलीकडे अंधारबन. पिंपरीपासून खाली भिऱ्यापर्यंत उतरणारी ही वाट इतक्या दाट झाडीतून जाते, की तिथे भर दुपारी उजेड बेताने शिरतो. रविवारी तो अजिबात शिरत नाही, कारण जागा नसते. निळ्या टीशर्टचा एक गट, पिवळ्याचा दुसरा, मागून केशरी. पुढे हातात शिट्टी घेतलेला ‘ट्रेक लीडर’, जो या वाटेने याआधी एकदा येऊन गेलेला असतो. हजारभर रुपयांत चहा-नाश्ता, प्रवास आणि शेवटी प्रमाणपत्र. जंगलात चालल्याचं प्रमाणपत्र! कातकरी आणि ठाकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या हे जंगल तुडवताहेत. त्यांना अद्याप कुणी प्रमाणपत्र दिलेलं नाही, आणि वनहक्काच्या दाव्यात त्याची गरज नेमकी त्यांनाच असते.

पण या सगळ्यावर कडी करतो तो काजवा महोत्सव. मेच्या शेवटी आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लखलखतात. ही रोषणाई पर्यटन विकासासाठी नसते, काजव्याला जोडीदार शोधायचा असतो. प्रकाशातून मागणी घालायची, प्रकाशातूनच होकार यायचा. आयुष्य थोड्या दिवसांचं, त्यात लग्नाचा मुहूर्त एवढाच. त्याची अळी आधी महिनोन्‌महिने ओल्या पालापाचोळ्यात गोगलगाई खात वाढलेली असते. आणि आम्ही येतो शनिवारी रात्री, शेकडो गाड्या घेऊन, दिवे अप्पर करून. दुसऱ्याच्या लग्नात घुसायचं, मांडवातले दिवे आपल्या दिव्यांनी फिके पाडायचे, जमिनीवरची पुढची पिढी बुटाखाली घ्यायची, आणि नवरदेवाच्या तोंडावर टॉर्च मारून म्हणायचं, ‘अरे, फोटोत येत का नाहीये?’ एका गाडीत मागे बसलेल्या मुलीने आईला विचारलेलं ऐकलं, ‘हे लाइट रात्री किती वाजता बंद करतात?’ प्रश्न चुकीचा कसा म्हणावा? एवढी तिकिटं, एवढं पार्किंग, एवढी भजी असल्यावर त्यांना कुणीतरी चालू-बंद करत असणार, असं लहान मुलाला वाटणारच.

कासच्या पठाराचं दुखणं जरा उच्च कुळातलं आहे. पश्चिम घाटातल्या ३९ जागा २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांतली ही एक. जांभ्या दगडाच्या सड्यावर मातीचा जेमतेम थर, आणि त्यात ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत निळी, जांभळी, पिवळी फुलं. रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे, नोंदणी आहे, शुल्क आहे, गावकऱ्यांची समिती आहे. चक्क व्यवस्था आहे! त्यामुळे अनेकांना कास आवडत नाही. ‘पैसे भरून फुलं बघायची?’ असं विचारणारा गृहस्थ मॉलमध्ये मुलांना रबरी चेंडूंच्या हौदात सोडायला त्याहून जास्त पैसे मोजून आलेला असतो. दोरीपलीकडे जाऊ नका म्हटलं की तो दोरीपलीकडे जाऊन ‘इथपर्यंत चालेल ना?’ विचारतो. कासवर सीतेची आसवं नावाचं नाजूक फूल येतं. दिसायला गरीब, पण झाड कीटकभक्षी. फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांवर त्याने अजून तोंड टाकलेलं नाही, हा त्याचा चांगुलपणा.

फुलांवरून कारवी आठवली. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली, नंतर २०२४ मध्ये. मधली सगळी वर्षं नुसतं हिरवं झुडूप. आमच्या सोसायटीच्या खजिनदारांनी ‘पुढच्या शनिवारी फुलेल का?’ अशी चौकशी केली, तेव्हा २०३२ हे उत्तर ऐकून ते म्हणाले, ‘काहीतरी सेटिंग होईल की!’ कारवीबाबत होत नाही. ज्या बाबतीत होतं ती यादी वेगळी. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल २०११ साली दिला. तो फार कडक वाटला म्हणून कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये सौम्य करून दिला. तोही गळ्याखाली उतरेना, म्हणून मार्च २०१४ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा निघाला. मग दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. सहावा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला, वायनाडमधल्या दरडीत शेकडो माणसं गाडली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात महाराष्ट्रातलं १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र आहे. म्हणजे मसुद्यात आहे. कारवी आठ वर्षांनी का होईना, फुलते.

दरम्यान, संवेदनशीलता अन्यत्र दाखवण्यात येत आहे. बोरिवलीचं उद्यान ही शंभर चौरस किलोमीटरहून मोठी, बिबट्यांची भरवस्ती. तिला त्रास होऊ नये म्हणून ठाणे–बोरिवली जुळा बोगदा तिच्या खालून नेण्यात येतोय. लोणावळ्यात टायगर पॉइंटला काचेचा स्कायवॉक होणार आहे. कड्यावर उभं राहिलं तर दरी आजही फुकट दिसते, फक्त पायाखाली दगड येतो. तो अडथळा आता दूर होईल. आपल्याकडे डोंगराच्या दोनच अवस्था सरकारमान्य आहेत, बंद किंवा प्रकल्प. अधलंमधलं काही, म्हणजे दिवसाला अमुक माणसं, गावातलाच शिकवलेला वाटाड्या, पाणी चढलं की वाजणारा भोंगा, आठवड्याचा एक दिवस डोंगराला सुट्टी, यांचं भूमिपूजन करता येत नाही. भोंग्यासमोर नारळ फोडला तरी फोटो बरा येत नाही.

ही अधलीमधली कामं मग ज्यांना कुणी सांगितलेली नाहीत ते करतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं आपली नोकरी-धंदा सांभाळून रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरतात. वर आलेला जिवंत असेल तर पुष्कळदा पहिला प्रश्न मोबाइलचा असतो.

बंदीची झळ कुणाला लागते तेही पाहण्यासारखं आहे. धबधबा बंद झाला की वाटेवर कणसं भाजणारी मावशी बंद होते. तिने उधारीवर आणलेली पोतीभर कणसं घरी जातात आणि घरातली माणसं आठवडाभर कणीस खातात. हॉटेलं बंद होत नाहीत. रिसॉर्ट तर मुळीच नाही, तिथे रविवारचं बुकिंग वाढतं. यंदा आमच्या सोसायटीनेही शेवटी तोच मार्ग पत्करला. बंदी असलेल्या ठिकाणी जाणं बरोबर नाही, असं चेअरमन ग्रुपवर म्हणाले; पोलीस दंड करतात, हे त्यांनी पुढच्या निरोपात लिहिलं.

रिसॉर्ट उत्तम होतं. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या त्या गावात, धो धो पावसात, पत्र्याच्या शेडखाली ‘रेन डान्स’ चालू होता. त्याचं पाणी टँकरचं. शेजारी फायबरच्या खडकावरून पडणारा धबधबा. त्याला वेळा होत्या, अकरा ते एक आणि तीन ते पाच. खाली न घसरणाऱ्या फरश्या, कडेला शिट्टीवाला जीवरक्षक, पाणी छातीच्या वर नाही. भिंतीवर नियमांचा फलक होता: बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, काचेच्या बाटल्या नेऊ नयेत, नायलॉनच्या पोहण्याच्या पोशाखाशिवाय पाण्यात उतरू नये, कचरा कुंडीतच टाकावा, दंड पाचशे रुपये. दारातच प्रत्येकाकडून अनामत घेतलेली होती. आमचे काका, ज्यांनी गेल्या वर्षी ताम्हिणीत कुरकुऱ्यांची पाकिटं दरीत सोडून ती किती वेळ तरंगतात याचा व्हिडिओ केला होता, ते चहाचा रिकामा कप हातात धरून कुंडी शोधत अर्धा परिसर फिरले. तीन वाजता धबधबा चालू झाला तेव्हा सगळे रांगेत उभे होते. खजिनदारांनी पुढे घुसायचा प्रयत्न केला, तर जीवरक्षकाने शिट्टी मारली, आणि ते निमूट मागे गेले.