डेडस्टॉक जिंदाबाद

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्या जर्मनीचं एकीकरण मात्र आपल्या काही शाळांत अजून व्हायचं आहे. 1987 साली केंद्र सरकारने खडू-फळा योजना आणली. तिच्यातून खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांना नकाशे, पृथ्वीगोल, विज्ञानपेटी, ढोलक, तबला, हार्मोनियम असं बरंच काही मिळालं. त्या वेळच्या नकाशात जर्मन्या दोन होत्या. पुढे बर्लिनची भिंत पडली, 1990 मध्ये दोन्ही जर्मन्या एक झाल्या आणि पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघही मोडीत निघाला. एवढा अवाढव्य देश मोडीत काढताना कुणी तीन दरपत्रकं मागवली नाहीत. त्याचा नकाशा मात्र कपाटामागे सुरळी करून उभा आहे, कारण तो डेडस्टॉकला आहे.

डेडस्टॉक म्हणजे जडवस्तू संग्रह नोंदवही. गुरुजींना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. या वहीत वस्तू चढवायला एक सही पुरते. उतरवायची झाली तर त्याला निर्लेखन म्हणतात, आणि त्या वाटेला शहाणा मुख्याध्यापक जात नाही. समजा एक बाक मोडला. त्याची यादी करायची, शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्यायचा, तो केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायचा, तिथून तो जिल्ह्याला जायचा, तिथून त्रुटी लागून परत यायचा. बाक कधी घेतला, कोणत्या योजनेतून, किंमत काय, आयुर्मान किती, असे रकाने असतात. ‘निकामी होण्याचे कारण’ या रकान्यात ‘पोरं बसली’ असं खरं लिहिलं की शेरा येतो, सविस्तर खुलासा करावा.

अमेरिकेतली शाळामंडळं जुने बाक, संगणक, झालंच तर आख्ख्या पिवळ्या बसगाड्या सरळ ऑनलाइन हर्राशीत काढतात. त्यातल्या कितीतरी बसगाड्या पुढे ग्वाटेमालात पोचतात, अंगावर झकास रंग चढवून घेतात आणि प्रवासी वाहतात. आपला बाक शाळेच्या कंपाउंडबाहेर गेला तर मुख्याध्यापकाची चौकशी लागते.

या वहीचा खरा महिमा पाहायचा तर बदलीच्या दिवसांत चार्ज देताना-घेताना पाहावा. जुने सर वही वाचतात, नवे सर वस्तू शोधतात. संवाद साधारण असा चालतो.

“तबला जोडी, एक.”

“हा डग्गा दिसतोय. तबला कुठाय?”

“मी आलो तवा बी डग्गाच होता. मी सही केली. तुम्ही बी करा.”

“अन् हे कातडं?”

“उंदरानं खाल्लं. वहीत कातड्याचा वेगळा रकाना नाही, काळजी करू नका.”

नवे सर सही करतात. नाही केली तर जुने सर कार्यमुक्त होत नाहीत आणि मग नव्या सरांना रुजू व्हायची पंचाईत. शिवाय प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर निवृत्तीचा दिवस असतो. तीस वर्षांत किती पोरं वाचायला शिकली याचा हिशेब त्या दिवशी कुणी मागत नाही. पण डेडस्टॉकला एक पंखा कमी भरला तर ना-देय प्रमाणपत्र अडतं आणि वसुली निघते. म्हणून जळका पंखा छताला तसाच टांगून ठेवायचा. फिरत नसला तरी मोजता येतो.

संगणकांची तऱ्हा याहून न्यारी. जुने पेटाऱ्याएवढे मॉनिटर आणि त्यांचे सीपीयू कापड पांघरून बसलेले असतात. यूडायस या सरकारी प्रणालीत शाळेची माहिती भरताना एकूण संगणक किती आणि चालू किती, असे दोन आकडे द्यावे लागतात. त्यांची वजाबाकी केली की वर्गाचा एक कोपरा निघतो. बरं, ते भंगारवाल्याला देऊन मोकळं व्हावं तर ई-कचऱ्याचे 2022 चे नियम आडवे येतात. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या या नियमांनी असा कचरा मोडायचा अधिकार फक्त नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यालाच ठेवला आहे. नियम चांगलाच आहे. फक्त असा नोंदणीकृत माणूस परभणीतल्या पालम-सोनपेठच्या गल्लीत हातगाडी घेऊन ओरडत येत नाही.

हुकूम तंतोतंत पाळला तर काय होतं, हे बिहारने दाखवून दिलंय. 2021 मध्ये तिथल्या सरकारने शाळांना सांगितलं, पोषण आहाराची रिकामी पोती दहा रुपयाला एक याप्रमाणे विका आणि पैसे भरा. कटिहार जिल्ह्यातल्या एका गुरुजींनी हा हुकूम शिरसावंद्य मानला. डोक्यावर पोती घेतली आणि बाजारात आरोळी ठोकली. त्याचा व्हिडिओ फिरला आणि गुरुजी निलंबित झाले. आपल्याकडचे मुख्याध्यापक या गोष्टीतून जे शिकायचं ते शिकले. बारदान विकणारा निलंबित होतो. बारदान सांभाळून उंदीर पोसणाऱ्याला आजवर कुणी नोटीस दिल्याचं ऐकिवात नाही.

काही न टाकणाऱ्यांची बाजू एकदाच, पण जोरात वर आली. सप्टेंबर 2023 मध्ये निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात जिकडे तिकडे जुनी दप्तरं उघडली. ज्या कपाटाला विंचवाच्या भीतीने कुणी हात लावत नव्हतं, त्याच्यापुढे रांग लागली. मोडी वाचणाऱ्याला आणि उर्दू जाणणाऱ्याला कधी नव्हे ती किंमत आली. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर हा कायम जपायचाच कागद, त्यामुळे ते टिकलं हे चांगलंच झालं. पण तेव्हापासून ‘एवढी अडगळ काढा हो’ म्हणायची सोय राहिली नाही. लगेच विचारतात, “उद्या लागलं तर?” जळक्या पंख्याच्या पात्यावर कुणबी नोंद निघायची शक्यता कमी आहे, पण धोका कोण पत्करणार?

खोल्यांचंही असंच चालतं. अभियंत्याने धोकादायक ठरवली म्हणून खोली पाडता येत नाही. आधी मंजुरी, मग मूल्यांकन, मग हर्रास. हातची किंमत, म्हणजे बोलीची किमान रक्कम, अशी काढतात की वाटावं, निजामाच्या काळातलं सागवान अजून जसंच्या तसं आहे. बोलीला कुणी फिरकत नाही. मग फेरहर्रास. तोवर भिंतीवर लाल रंगात ‘धोकादायक, आत जाऊ नये’ असं लिहून जबाबदारी पार पाडायची. ज्यांनी ते वाचायचं ती पोरं पहिलीत आहेत आणि त्यांची अक्षरं अजून ‘गमभन’च्या पुढे गेलेली नाहीत.

28 ऑगस्ट 2017 रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळलं आणि तीन मुलं गेली. 25 जुलै 2025 रोजी राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदीला सात गेली. असं काही घडलं की पत्र येतंच: धोकादायक खोल्यांची माहिती सायंकाळपर्यंत सादर करावी, निरंक असल्यास निरंक कळवावे. माहिती जाते. खोली तिथेच राहते.

जिल्हा परिषदेला जादा झालेलं काही हलवताच येत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. पट घसरला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने तर हे काम आणखी सोपं केलं. अतिरिक्त शिक्षकाचं समायोजन एका दुपारी उरकतं. मूल्यांकन नको, हातची किंमत नको, फेरहर्रास नको. माणूस दुसऱ्या गावी जातो आणि त्याच्या नावावरचा डग्गा मागे राहणाऱ्याच्या नावावर चढतो.

पालकहो, शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पंच्याहत्तर टक्के जागा तुमच्या आहेत. खिचडीची चव घेणं आणि 15 ऑगस्टला पुढच्या खुर्चीत बसणं याखेरीज ठराव घेण्याचाही अधिकार तुम्हाला आहे. येत्या बैठकीत मोडक्या खोलीच्या निर्लेखनाचा ठराव घ्या, अभियंत्याला तारीख मागा, प्रस्ताव स्वतः तालुक्याला नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ती पोच घरी ठेवा. शाळेत ठेवली तर डेडस्टॉकला चढेल.