साथ आली की शोधाशोध

बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस झालेल्या मुलांना दवाखान्याची पाटी रंगवायला टाकण्याआधीच कळतं, की गल्लीत चार पाट्या अगोदरच लागल्या आहेत. मग घरात एमपीएचचा विषय निघतो. मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ! नाव भारदस्त आहे, स्थळाच्या बायोडेटात तर फारच शोभतं. रात्रीपाळी नाही, पेशंटच्या नातेवाइकांचा मार नाही. दोन वर्षं अभ्यास, नंतर थेट 'धोरण ठरवायचं'.

धोरण ठरवणाऱ्यांची जाहिरात एकदा वाचा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या आपल्याकडच्या भरतीत वैद्यकीय पदवी अधिक एमपीएच अशी पात्रता मागून ३५ हजारांच्या आसपास मानधन लिहिलेलं असतं. नेमणूक अकरा महिन्यांची. मग तांत्रिक खंड, मग पुन्हा आदेश, आणि अधूनमधून समायोजनासाठी आझाद मैदान. जिल्ह्याची साथ आटोक्यात ठेवणाऱ्याला स्वतःची नोकरी पुढच्या मार्चपर्यंत आहे का, हे सांगता येत नाही.

तज्ज्ञाला दुय्यम ठेवायची ही रीत जुनीच. १८९७ साली पुण्यात प्लेग आवरायला नेमलेला रँड हा डॉक्टर नव्हता, सनदी अधिकारी होता. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा आपण साथरोगांचा कायदाही त्याच १८९७ सालचा बाहेर काढला आणि सूत्रंही कलेक्टरच्याच हाती दिली. तज्ज्ञ होते, तक्ते भरत होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्याचं स्वतंत्र केडर असावं असं लिहिलंय, २०२२ मध्ये केंद्राने त्याची मार्गदर्शक पुस्तिकाही काढली. पुस्तिका काढायला पदं मंजूर करावी लागत नाहीत. (तमिळनाडूचं केडर कित्येक दशकं जुनं आहे, तिथला सार्वजनिक आरोग्य कायदाच १९३९ चा.)

'मग परदेशात जाऊ' म्हणणाऱ्यांनी आकडे जरा मोठ्याने वाचावेत. अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठात नुसती फी ७० हजार डॉलरच्या पुढे जाऊ शकते. म्हणजे बाबांचा फ्लॅट तारण. आणि तिथलं चित्र? २०२५ च्या मार्चमध्ये जॉन्स हॉपकिन्सने, म्हणजे या विषयाच्या पंढरीनेच, अमेरिकी मदतनिधी आटल्यावर दोन हजारांहून अधिक पदं कमी केली. जुलैत ही मदत वाटणारं यूएसएडच गुंडाळलं गेलं. सप्टेंबरात नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. एखादी स्वयंसेवी संस्था पब्लिक हेल्थवाल्यासाठी एवढे मोजेल, हे कर्ज देणाऱ्या बँकेलाही पटणार नाही.

विषय वाईट आहे असं मुळीच नाही. पाणी, डास, लसी, गरोदर बायांचं रक्त – माणसं जगतात ती यावरच. पण म्हणून तीस लाखांचं कर्ज काढून शिकावा असा हा धंदा नाही. शिकायचाच तर मुंबईचं टिस, पुणे विद्यापीठ, १९९७ पासून एमपीएच शिकवणारी त्रिवेंद्रमची श्री चित्रा अशी सार्वजनिक संस्था गाठा. त्याआधी वर्षभर एखाद्या तालुक्यात काम करून बघा. आकडेशास्त्र पक्कं करा. आकडे हाताळणाऱ्याला औषध कंपन्यांतही काम मिळतं, नुसत्या 'आरोग्य जागृती'वाल्याला कार्यशाळेचं प्रमाणपत्र.

आणि पालकहो, प्रवेशाच्या दिवशी खासगी कॉलेजाने 'शंभर टक्के प्लेसमेंट'चं चकचकीत माहितीपत्रक पुढे केलं, तर गेल्या बॅचमधल्या दहा मुलांचे नेमणूक आदेश दाखवायला सांगा. दाखवले नाहीत, तर फीचा चेक फाडू नका.