तत्त्वज्ञानाची मूळ प्रत

महाबळेश्वरच्या त्रिदिवसीय निवासी शिबिराहून आमचे खातेप्रमुख स्वतःचे नेतृत्वविषयक तत्त्वज्ञान सिद्ध करून परतले, ही वार्ता कचेरीस भूषणावह आहे. हेन्री फेयॉल यांनी १९१६ साली व्यवस्थापनाची १४ तत्त्वे प्रसिद्ध केली खरी, परंतु त्यासाठी त्या गृहस्थास आधी खाणींच्या कंपनीत उभी हयात घालवावी लागली. साहेबांनी सोमवारच्या न्याहारीस आरंभ करून बुधवारच्या चहास समाप्ती केली. शिवछत्रपतींच्या काळी तर अशी शिबिरेच नव्हती, म्हणून चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांस लिहिताना त्यांना दाणावैरण, चुली आणि दिव्याची जळती वात उंदराने ओढून नेल्यास गवताच्या गंजीस लागणारी आग, असल्या किरकोळ बाबींवर शाई खर्चावी लागली.

साहेबांचे तिसरे कलम, सोनेरी अक्षरांत, ‘मी प्रथम ऐकतो’ असे असून, त्याचे चिंतन निर्वेध चालावे म्हणून दालनाबाहेर शिपाई बसविला आहे. माझी नम्र सूचना अशी की, शिपायासुद्धा प्रत्येकास स्वतंत्र तत्त्वज्ञान सक्तीचे करावे व ते तीन प्रतींत दाखल झाल्याखेरीज कोणाची रजा मंजूर करू नये. कामकाज थांबेल, पण नेतृत्वास खंड पडणार नाही.

दप्तरखान्यात उंदीर झाल्याचा माझा अर्ज जूनपासून प्रलंबित होता. काल त्यावर शेरा आला: तत्त्वज्ञानाची मूळ प्रत कुरतडली गेल्याने ती नव्याने सिद्ध करण्यास्तव साहेब महाबळेश्वरी रवाना, अर्ज परतल्यावर सादर करावा.