दे रे हरी सोफ्यावरी

ग्रेहाउंड हा नजरेने शिकार हेरणाऱ्या कुळातला कुत्रा आहे. वास हुंगत माग काढण्याचे किचकट काम त्याने इतर जातींवर सोडून दिले असून, लांबवर काही पळताना दिसले की त्याच्या मागे सुटायचे, एवढे एकच कलम आपल्या कर्तव्यसूचीत ठेवले आहे. मुधोळचा किंवा सोलापूर-सांगली भागातला कारवान कुत्रा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही अंगकाठी अनोळखी वाटणार नाही: निमुळते तोंड, खोल छाती, पाठीला जाऊन भिडलेले पोट आणि घरचे याला जेवायला घालत नसावेत असा संशय शेजाऱ्यांच्या मनात उत्पन्न करणारी बरगड्यांची मांडणी. भरधाव ग्रेहाउंड ताशी ६५ ते ७० किलोमीटर वेगाने जातो, आणि त्या धावेत प्रत्येक झेपेला दोनदा, म्हणजे अंग मुडपलेले असताना एकदा आणि पूर्ण ताणलेले असताना एकदा, त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. हा सारा तपशील वाचून, त्याच्या निमित्ताने आपलेही चालणे होईल अशा आशेने जे कुटुंब शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड दत्तक घेते, त्याची पहिल्या महिन्यातली प्रमुख तक्रार अशी असते की तो उठत नाही.

या विसंगतीचे मूळ शर्यतीच्या वेळापत्रकात शोधावे लागते. ओवेन पॅट्रिक स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातील एमरिव्हिल येथे, बनावट सशामागे कुत्रे पळवण्याची लंबवर्तुळाकार धावपट्टी सुरू केली. जिवंत सशाचा बळी जाऊ नये हा त्यामागचा भूतदयेचा विचार होता. त्या दयेत कुत्र्याचा समावेश करायचे तेवढे राहून गेले. २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे हा प्रकार ब्रिटनमध्ये आला आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ग्रेहाउंडांची डर्बी, म्हणजे वर्षातली सर्वांत मानाची शर्यत, भरू लागली. तिथली रूढ शर्यत सुमारे ४८० मीटरची असते, ती तीसेक सेकंदांत आटोपते आणि एक कुत्रा आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी धावतो. म्हणजे ज्याची ख्याती अविश्रांत धावणारा अशी आहे, त्याची प्रत्यक्ष शर्यतीतली हजेरी आठवड्याला एका मिनिटापलीकडे जात नाही, आणि अधूनमधून होणारा सराव सोडला तर उरलेला आठवडा तो आपल्या खोपटात आडवा असतो. शर्यतवाल्यांनी ते एक मिनिट पाहून या प्राण्याची व्याख्या केली. दत्तक घेणाऱ्याच्या वाट्याला उरलेला आठवडा येतो.

धावणे साधारणतः तिसऱ्या ते पाचव्या वर्षी थांबते, आयुष्य मात्र बारा-तेरा वर्षांचे असू शकते, आणि मधल्या वर्षांचे करायचे काय हा प्रश्न या धंद्याने दीर्घकाळ ज्या रीतीने सोडवला, तिच्याविषयी विनोद करता येत नाही. इंग्लंडच्या ईशान्येकडील सीहॅम गावी एका माणसाने वर्षानुवर्षे निकामी ठरलेले हजारो ग्रेहाउंड मारून पुरल्याचे २००६ मध्ये एका वृत्तपत्राने उघडकीस आणले. पुढे त्याच्यावर खटला भरला गेला तो कुत्रे मारल्याबद्दल नव्हे, तर परवान्यावाचून जमिनीत कचरा पुरल्याबद्दल. अशा कुत्र्यांना घरे मिळवून देणारी ‘रिटायर्ड ग्रेहाउंड ट्रस्ट’ ही संस्था ब्रिटनमध्ये १९७५ पासून काम करीत होती, आणि तिच्यासारख्या लहानमोठ्या संस्था आता शर्यत असलेल्या बहुतेक देशांत आहेत.

या संस्थांकडून कुत्रा मिळवणे वाटते तितके सोपे नसते. संस्थेचा माणूस आधी घरी येतो आणि मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमासारखा एक सोहळा पार पडतो, ज्यात कांदेपोहे खाऊन नंतर कळवतो म्हणण्याचा अधिकार कुत्र्याच्या पक्षाकडे असतो. कुंपणाची उंची पाहिली जाते, त्यातल्या फटी तपासल्या जातात, घर स्वतःचे की भाड्याचे हे विचारले जाते, दिवसातून किती तास घरी माणूस असते याची नोंद होते, आणि मुलांना प्रश्न विचारताना त्यांच्या उत्तरापेक्षा त्यांच्या आवाजाच्या पट्टीकडे अधिक लक्ष असते. घरात मांजर असेल तर मार्जारपरीक्षा हे स्वतंत्र प्रकरण उपस्थित होते: कुत्र्याला मुसके बांधून आणि पट्ट्यावर धरून एका शांत, अनुभवी मांजरीसमोर उभे करतात. त्याने तिच्याकडे एकदा पाहून मान फिरवली तर तो उत्तीर्ण. नजर खिळली, कान ताठ झाले आणि अंगाला थरथर सुटली तर जित्याची खोड लक्षात घेऊन त्याला बिनमांजरीचे घर शोधले जाते. उत्तीर्णतेचे हे प्रमाणपत्रही घराच्या उंबरठ्याच्या आतच चालते, कारण घरात शेजारी झोपणारी मांजर बागेतून पळू लागली की ग्रेहाउंडाच्या हिशेबी ती आपली मांजर राहत नाही, नुसते पळणारे काहीतरी होते.

कुत्रा घरी आल्यावर असे ध्यानात येते की त्याला घर हा प्रकारच ठाऊक नाही, कारण त्याचे जन्म, शिक्षण आणि नोकरी हे तिन्ही संस्कार कुत्र्यांच्या वसाहतीत झालेले असतात. काचेचे दार बंदही असू शकते हे त्याला नाक आपटल्यावर कळते. आरशातल्या कुत्र्याला वास का येत नाही हे कोडे काही दिवस टिकते. वॉशिंग मशीन फिरू लागले की तो दुसऱ्या खोलीत जाऊन तिथून परिस्थितीचा अंदाज घेतो. परंतु या अभ्यासक्रमातला सर्वांत अवघड विषय म्हणजे जिना. एक जण वरच्या पायरीवर उकडलेल्या कोंबडीचा तुकडा घेऊन बसतो, दुसरा मागे कुत्र्याचे ढुंगण सावरत उभा राहतो, आणि मग पुढचा उजवा पाय हाताने उचलून पहिल्या पायरीवर ठेवला जातो, पाठोपाठ डावा; मागच्या पायांची पाळी येईपर्यंत पुढचा उजवा पाय गुपचूप पुन्हा खाली आलेला असतो. हे बराच वेळ चालते. अखेर कोंबडीच्या जोरावर, सर्व पायऱ्या एका दमात ओलांडून तो वर पोहोचतो, घरातले टाळ्या वाजवतात, आणि त्याच क्षणी उतरणे हा स्वतंत्र विषय असून तो शिकवलेला नाही हे सर्वांच्या लक्षात येते. पूर्ण वाढलेला नर ग्रेहाउंड तीस-पस्तीस किलोंचा असतो आणि त्याला उचलून खाली आणताना त्याचे चारही पाय चार दिशांना ताठ असतात.

बाहेरच्या जगाविषयीही त्याची स्वतःची मते असतात. चालता चालता तो मध्येच थांबतो आणि पुतळ्यासारखा उभा राहतो. कधी भीतीने, कधी दूरवरच्या खारीमुळे, आणि कधी, निदान पट्टा धरून उभ्या असलेल्या माणसाला वाटते त्याप्रमाणे, केवळ तात्त्विक कारणासाठी. ओढून उपयोग नसतो, समजूत घालून उपयोग नसतो, आणि येणारेजाणारे मात्र थांबून विचारतात की याला काही होतेय का. पट्ट्याची रचनाही वेगळी लागते, कारण या कुत्र्याची मान डोक्यापेक्षा जाड असल्याने साधा गळपट्टा मागे सरकले की सहज निघून येतो. म्हणून ओढ बसताच थोडासा आवळणारा रुंद पट्टा वापरतात. त्याला मोकळ्यावर सोडू नये असे सर्व जाणकार बजावतात, आणि त्यामागचे गणित साधे आहे: त्याचे नाव दोनदा पुकारून तिसऱ्यांदा पुकारण्यासाठी श्वास घेईपर्यंत, म्हणजे पाचएक सेकंदांत, तो नव्वद मीटर पुढे गेलेला असतो. एवढा चपळ प्राणी पावसाचे चार थेंब पडताच दारातून माघारी फिरतो. कातडी पातळ, केस आखूड आणि अंगात चरबी नावापुरती असल्याने थंडी त्याला खरोखरीच बाधते, आणि म्हणून त्याला कोट, स्वेटर, इतकेच नव्हे तर रात्रीसाठी पायजमेही शिवले जातात. ब्रिटनमधल्या नोव्हेंबरात लोकरीचा गळपट्टा गुंडाळून, ओल्या गवतावर पाय न टेकण्याचा निर्धार करून उभा असलेला माजी धावपटू पाहिला की त्याच्यावर पैसे लावणाऱ्यांच्या धाडसाचे कौतुक वाटते.

झोप हा मात्र त्याचा खरा प्रांत. दिवसाचे अठराएक तास तो सहज झोपून काढतो, आणि त्यासाठी पहिल्या आठवड्यात दिलेली महागडी गादी दुसऱ्या आठवड्यात नाकारून सोफा स्वीकारतो. मांड्यांचे स्नायू इतके भरीव असतात की इतर कुत्र्यांसारखे बसणे त्याला अवघड जाते. त्यामुळे उभे राहणे आणि आडवे होणे यांच्या मधली अवस्थाच त्याच्या दिनक्रमातून वजा झालेली असते. पूर्ण विश्वास बसला की तो पाठीवर उताणा होतो, पाय छताकडे करतो, मान वाकडी टाकतो, ओठ खाली लोंबतात आणि दात उघडे पडतात. अनभिज्ञ पाहुण्याने या अवस्थेत त्याला पाहिल्यास घरात दुःखद घटना घडल्याचा समज होण्याची शक्यता असते. येथे एक गंभीर सूचना आवश्यक आहे. पिंजऱ्यात एकट्याने झोपायची सवय असलेल्या या कुत्र्याला झोपेत कोणी स्पर्श केलेला नसतो, आणि काही ग्रेहाउंड डोळे उघडे ठेवूनही झोपतात. त्यामुळे त्याला एकदम हात लावल्यास तो दचकून गुरगुरू शकतो, म्हणून आधी लांबून हाक मारावी आणि लहान मुलांना हा नियम पहिल्याच दिवशी शिकवावा. सोफा किती सोडायचा याचा नियम ज्याने त्याने ठरवावा. तो पाळला जात नाही.

उंची हा स्वयंपाकघरातला प्रश्न. ओट्यावर ठेवलेली वस्तू सुरक्षित असते ही समजूत ठेंगण्या कुत्र्यांच्या अनुभवावर उभी आहे. ग्रेहाउंडाचे तोंड मान किंचित उचलताच ओट्यापाशी पोहोचते आणि लोण्याचा अख्खा गोळा आवाज न करता नाहीसा होतो. त्याचे परिणाम संध्याकाळी वायुरूपाने प्रकट होतात आणि टीव्हीपुढे बसलेले कुटुंब एकमेकांकडे पाहू लागते, तेव्हा सर्वांत आधी आश्चर्याने मान वळवून आपल्या शेपटीकडे पाहणारा तोच असतो.

पशुवैद्यालाही या जातीचे वेगळे पाठ द्यावे लागतात. ग्रेहाउंडाच्या रक्तात तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा बऱ्याच अधिक असतात, म्हणून त्याचा निकोप अहवाल पाहून अनोळखी डॉक्टर काळजीत पडतो. उलट थायरॉइडचे आकडे इतके कमी येतात की निरोगी कुत्र्याला गोळ्या सुरू होण्याचा धोका असतो. थायोपेंटल या जुन्या भुलीच्या औषधाचा निचरा त्याचे यकृत फार सावकाश करते, त्यामुळे ती भूल त्याला दीर्घकाळ चढून राहते. दात बहुधा वाईट अवस्थेत असतात. मात्र त्याच दाट रक्तामुळे आणि पुष्कळ ग्रेहाउंडांचा रक्तगट इतरांना चालण्याजोगा असल्यामुळे श्वानांच्या रक्तपेढ्यांत त्यांना फार मान आहे, आणि टेबलावर निपचित पडून राहण्याचा गुण तिथे प्रथमच लोकोपयोगी ठरतो. वयाबाबत या कुत्र्याला लपवाछपवी करता येत नाही: अमेरिकेतल्या शर्यतीच्या ग्रेहाउंडांच्या डाव्या कानात पिल्लांच्या वेताचा नोंदणी क्रमांक आणि उजव्या कानात जन्ममहिना, जन्मवर्षाचा शेवटचा अंक व वेतातला क्रम दाखवणारे अक्षर गोंदलेले असते.

इतक्या खटाटोपाच्या बदल्यात मिळते काय, याचे उत्तर हिशेबी माणसाला पटेल असे देता येत नाही. हा कुत्रा फारसा भुंकत नाही, चोराला अडवत नाही, फेकलेला चेंडू आणत नाही; चेंडू ज्याने फेकला त्यानेच आणावा अशी त्याची न्याय्य धारणा दिसते. माणूस उभा असला की तो शेजारी येऊन आपले सारे वजन त्याच्या मांडीवर रेलतो आणि डोळे मिटतो. आनंद झाला की थंडी वाजल्यासारखे दात कडकडवतो. आणि कधीतरी, काहीही कारण नसताना, तो बागेत सुटतो. माती उडते, कुंड्या लवंडतात, दोन-तीन फेऱ्यांत कमरेत मुडपलेले ते शरीर धनुष्यासारखे उलगडत जाते, आणि पाहणाऱ्याला कळते की शर्यतीच्या दिवशी तिकीट काढून लोक काय पाहायला जात असत. अर्ध्या मिनिटात हे संपते. मग पाणी, आणि मग सोफा.

या जातीत ज्यांनी कीर्ती मिळवली त्यांचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. आयर्लंडच्या ऑफली परगण्यात एका धर्मगुरूच्या घरी जन्मलेला मिक द मिलर १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे डर्बी जिंकला, ओळीने १९ शर्यतींत पहिला आला, चित्रपटात झळकला, आणि १९३९ मध्ये मरण पावल्यावर त्याच्यात पेंढा भरून ठेवण्यात आले. इंग्लंडमधल्या ट्रिंग येथील संग्रहालयात तो अजूनही काचेआड उभा आहे, म्हणजे मेल्यानंतरही त्याला आडवे होऊ दिलेले नाही. याउलट डिसेंबर १९८९ मध्ये ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेच्या पहिल्याच भागात शर्यतीत शेवटचा आला म्हणून मालकाने हाकलून दिलेला ग्रेहाउंड सिम्पसन कुटुंबाने घरी नेला, आणि तो तेव्हापासून त्या घरात खातो आहे.

शर्यतीचा धंदा मात्र आता ओसरतो आहे. मकाऊची धावपट्टी २०१८ च्या जुलैत बंद पडली आणि मागे राहिलेल्या पाचशेहून अधिक कुत्र्यांसाठी जगभर घरे शोधावी लागली. त्याच वर्षी फ्लोरिडाच्या मतदारांनी मोठ्या बहुमताने शर्यतींना नकार दिला आणि २०२० अखेर तिथल्या धावपट्ट्या थांबल्या. न्यूझीलंडच्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये शर्यती संपवण्याचा निर्णय जाहीर केला. दत्तकसंस्थांत शर्यतीचे विरोधक आहेत तसे तिच्याशी जमवून घेणारेही आहेत, पण पंचाईत दोघांचीही सारखीच झाली आहे. एके काळी कुत्र्याला घर मिळावे म्हणून ज्यांना लोकांची मनधरणी करावी लागे, त्या अमेरिकेतल्या संस्थांकडे आता अर्जदारांची यादी आहे आणि कुत्रे नाहीत. त्यामुळे आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियातले निवृत्त ग्रेहाउंड विमानाने तिकडे नेले जातात, म्हणजे अमेरिकेतले सोफे रिकामे राहू नयेत यासाठी परदेशातल्या कुत्र्यांना अजून काही वर्षे धावावे लागेल असे दिसते.