दर्यादादाचा कंट्रोलर

कसारा लोकल आटगाव सोडते, तसा डबा रिकामा होत जातो आणि दर्यादादा भरात येतो. लग्न, पगार, घाटातला ट्रॅफिक, विषय कुठलाही काढा. दुसऱ्या वाक्याला तो समुद्री माशांच्या टाकीवर येतो आणि तिसऱ्याला कंट्रोलरवर. पुढचं खर्डीपर्यंत ऐकावं लागतं. खर्डीनंतरचं स्टेशन उंबरमाळी. तिथे तो उतरतो, पण बोलणं खिडकीच्या गजांतून चालूच असतं.

डोंगराच्या कुशीतल्या माणसाला हे खूळ लागलं शाळेच्या सहलीत. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय, 1951 सालचं. तिथल्या काचेला नाक लावून हा जो उभा राहिला, तो मास्तरांनी कान धरून बाहेर काढेपर्यंत. पुढे नोकरी लागली, घर पक्कं झालं आणि ओटीवर पाच फुटी काचेची टाकी आली. चारशे लिटरची. तिला आता तीन वर्षं झाली. रोज पुसली जाते, दिवाळीला आत पणतीही लागते. पाणी मात्र नाही.

“आधी कंट्रोलर ठरू दे,” दादा म्हणतो, “पाण्याचं काय, ते कधीही भरता येईल.”

कंट्रोलर म्हणजे वायरी फुटलेली एक डबी. एक वायर पाण्याचं तापमान बघते, एक सामू, एक खारटपणा. पाणी 25 अंशांखाली गेलं की डबी हीटर लावते, 26 च्या वर चढलं की पंखा. पातळी उतरली की गोडं पाणी सोडते आणि काही बिनसलं की मालकाच्या मोबाइलवर बोंब मारते.

अशा डब्या जगात पुष्कळ आहेत, आणि दादाच्या दोनशे पानी वहीत प्रत्येकीला रकाना आहे. अमेरिकेचा एपेक्स त्याला मनापासून आवडतो. पण तिकडे घरातली वीज 120 व्होल्टची, आपल्याकडे 230 ची; तीही असेल तेव्हा. जर्मनीचा प्रोफीलक्स चोख, पण सुटा भाग गेला तर तो काय शहापूरच्या बाजारात मिळणार? तिसरा रीफ-पाय. रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावर चालतो, प्रोग्रॅम फुकट मिळतो. फक्त जोडणी आपली आपण करायची. दादाच्या हातून आजवर बॅटरीचे सेल तेवढे बदललेले आहेत.

एकदा मी म्हटलं, “दादा, चिठ्ठ्या टाका.”

“आणि रिले चिकटला तर?”

हा त्याचा हुकमी प्रश्न. रिले म्हणजे डबीतला हीटर चालू-बंद करणारा खटका. तो चालू स्थितीत चिकटला, तर हीटर बंदच होणार नाही. पाणी तापत राहील आणि सकाळी माशांचं कालवण तयार. म्हणून पहिल्या कंट्रोलरवर नजर ठेवायला दुसरा हवा. “दुसऱ्याचा चिकटला तर?” असं मी गमतीने विचारलं, तर त्याने गंभीरपणे पट्टी काढून तिसरा रकाना आखला. समोर बसलेला एक वायरमन न राहवून म्हणाला, “अहो, हीटरचाच थर्मोस्टॅट एका अंशाने वर लावून ठेवा. डबी फसली तरी तो बंद होईल.” उत्तर बरोबर होतं. दादाचा चेहरा उतरला. प्रश्न सुटला की त्याला घरातलं कुणी गेल्यासारखं होतं.

2021 च्या जुलैत उंबरमाळी स्थानकातले रूळ पाण्याखाली गेले. पहिली गाडी कधी सुटणार याची बाकीच्यांना काळजी. दादाला वेगळीच: एवढं पाणी घरात शिरलं तर गळतीचा सेन्सर नेमका काय कळवेल? तेव्हा टाकी यायची होती. रकाना आला होता.

बरं, हे सगळं कशासाठी? दगडी प्रवाळ आपला सांगाडा बांधायला पाण्यातलं कॅल्शियम घेतं, म्हणून ते लिटरला 420 मिलिग्रॅमच्या आसपास राखायचं, डोसिंग पंपाने थेंब थेंब सोडायचं. दादाला हे तोंडपाठ. पण आपल्याकडे असं प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मी घाबरत घाबरत हे सांगितलं.

“मला ठाऊक आहे,” दादा शांतपणे म्हणाला. “मी प्लॅस्टिकचं ठेवणार आहे.”

“मग कॅल्शियम कशाला?”

बराच वेळ तो बाहेर बघत राहिला. “ऑप्शन असावा,” म्हणाला.

मी एकदाच त्याच्या घरी गेलो. टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, हे तो मला वहीत चित्र काढून समजावत होता. आतून त्याची म्हातारी ओरडली, “अरं, आमटी आटली की खारट लागती. मग वर पानी वततात, मीठ न्हाय. त्यात काय लिवायचं?” दादाने तिथे फुली मारली आणि पान उलटलं.

परवा मे महिन्यात टाकी अखेर भरली. तानसा तलाव आमच्याच तालुक्यातला, 1892 पासून मुंबईला पाणी पाजतो. भातसा धरणही आमचंच. तरी उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. तसा तो आला. ड्रम भरले, हंडे भरले, कळशा भरल्या, आणि पाइप अजून वाहत होता. म्हातारीने दादाला न विचारता तो काचेच्या टाकीत सोडला आणि वर धुतलेलं लुगडं पसरलं.

संध्याकाळी दादा कामावरून आला. भांडला नाही. चपला काढल्या, थर्मामीटर बुडवला, वही उघडली. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या रकान्यांत खरे आकडे पडले. त्याने ते मला गाडीत दाखवले: तापमान 30. खारटपणा शून्य. पातळी चार बोटं खाली. कारण: पाहुणे.

तुम्ही कधी उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलात, तर पाण्याची बाटली घरूनच भरून न्या.