अर्धवट स्वेटरांची जोपासना

विणकामाच्या पुस्तकांत टाके कसे घालावेत हे असतं आणि टाके कसे बंद करावेत हेही असतं. मधल्या काळाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. हौसेने विणणाऱ्या बाईचं आयुष्य मात्र त्या मधल्या काळातच जातं. एक स्वेटर गळ्याशी अडलेला, एकाची नुसती पाठ, शालीचा वीतभर तुकडा आणि बाळंतविड्यातला एकटा मोजा, एवढा पसारा एका वेळी सांभाळायचा तर काही शिस्त हवी. त्यासाठी हे नियम केले आहेत. ते नागपूर शहर व लगतच्या प्रदेशास लागू राहतील. एक स्वेटर संपल्याशिवाय दुसऱ्याची लोकर घरात न आणणाऱ्या थोरल्या जाऊबाई ज्यांना आहेत, त्यांनी हे पान कापून गव्हाच्या कोठीत ठेवावं.

नियम १ : हंगाम ओळखावा

नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर चढला होता आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांवर उतरला होता. दोन्ही नोंदी हवामान खात्याच्या असल्यामुळे आमच्या घरात त्यांवर वाद नाही. वाद आहे तो मधल्या दिवसांचा. खरी थंडी दिवाळी आटोपल्यावर येते आणि संक्रांतीचा तिळगूळ संपतो न संपतो तोच निघायची तयारी करते. तेव्हा स्वेटर पावसाळ्यातच सुरू करावा, असं ताईंचं, म्हणजे थोरल्या जाऊबाईंचं, म्हणणं. ज्यांना पटेल त्यांनी ऑगस्टच्या दमट दुपारी अर्धा किलो लोकर मांडीवर घेऊन बसून पाहावं. विणायची इच्छा थंडी पडल्यावरच होते, आणि निसर्गाच्या विरोधात जाऊ नये. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टाके घालावेत. मुंढ्यापाशी पोचेपर्यंत कूलरला नवी वुडवूल लावायचे दिवस येतात आणि काम आपोआप पेटीत जातं.

उन्हाळ्यातही विणल्याशिवाय राहवत नसेल तर एक लक्षात ठेवावं. घामेजल्या बोटांवर लोकर अडते, हात आवळतो, टाके घट्ट पडतात. तीच बाई, तीच सुई, तीच लोकर असूनही मेमधली पाठ जानेवारीतल्या पुढच्या भागाशी जुळत नाही. यावर उपाय म्हणजे उन्हाळ्यात एक नंबर जाड सुई घ्यावी, दहाच्या जागी नऊ. आपल्याकडच्या सुयांचा नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक. हे पहिल्यांदा ऐकणारी प्रत्येक मुलगी सांगणारीकडे संशयाने बघते.

२०१८च्या त्या पहाटे ताईंकडे सगळे अंगभर स्वेटर घालून चहा पीत होते. आमच्याकडेही कुणी उपाशी राहिलं नाही. एकाला पाठ मिळाली, एकाला उजवी बाही आणि सासऱ्यांना अर्धी शाल.

नियम २ : लोकर

काय करायचं ते ठरवून लोकर घेऊ नये. बर्डीला भलत्याच कामाला जावं, रंग दिसावा आणि घ्यावा. ठरवून जायचंच असेल तर इतवारीत ठोकात घ्यावी, आणि लागेल तेवढी एकदमच घ्यावी. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला मध्यम जाडीची साधारण पाचशे ग्रॅम लागते. प्रत्येक गुंड्याच्या लेबलावरचा लॉट नंबर जुळवून घ्यावा. त्याच दुकानातला तोच हिरवा रंग महिन्याने आणला, तर तो ट्यूबलाइटखाली जुळतो आणि अंगणात उन्हात उभं राहिलं की बाह्या सावत्र दिसतात.

दुकानदार जिला लोकर म्हणतो ते पुष्कळदा ॲक्रिलिक असतं. शंका आल्यास एक धागा पेटवून पाहावा. मेंढीच्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. काडी ओढायची नसेल त्यांनी कसरीवर विश्वास ठेवावा. ती खरी लोकर खाते, ॲक्रिलिकला तोंड लावत नाही. तेव्हा पेटीतल्या कामाला भोक पडलेलं दिसलं तर आधी समाधान मानावं की दुकानदाराने फसवलं नव्हतं. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नये. ते एकदा मेलं की मेलं.

नियम ३ : नमुना शेवटपर्यंत वाचू नये

वाचला तर सुरुवात होत नाही.

नियम ४ : मापाचा तुकडा

दहा सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा आधी विणावा, धुवावा, वाळवावा आणि मगच टाके मोजावेत, असं सगळ्या सांगतात. मीही सांगते.

नियम ५ : दुसरी बाही

पाठ उत्साहात होते. पुढच्या भागात गळा असतो, त्यामुळे डोकं जागं राहतं. पहिली बाही ‘आता काय, झालंच’ या भ्रमावर तरून जाते. दुसऱ्या बाहीत काहीच नवं नसतं. पंगत उठायच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून मीठ-लिंबू वाढायला लावावं, तसं ते काम. यावर तीन उपाय आहेत.

पहिला : स्वेटर बिनबाह्यांचा आहे असं जाहीर करावं. नागपुरात हाफ स्वेटर तसाही जास्त वापरला जातो, कारण दुपारी बारा वाजता तो काढून खांद्यावर टाकायचाच असतो.

दुसरा : लहान मुलाचा स्वेटर करावा. बाही छोटी असते. पण दुसरी बाही होईपर्यंत मूल मोठं होतं, हे ध्यानात असू द्यावं.

तिसरा उपाय खरा आहे. दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन गुंडे घेऊन, शेजारी शेजारी विणाव्यात. टाके वाढवायची ओळ दोन्हींत एकदमच येते, लांबीत सुतभर फरक पडत नाही, आणि सोडून द्यायची वेळ आली तर दोन्ही सारख्याच अर्धवट राहतात. गुंडे मात्र दोन बाजूंना दोन डब्यांत ठेवावेत आणि प्रत्येक ओळीनंतर काम एकाच दिशेला न फिरवता आलटून पालटून फिरवावं. नाहीतर दोन्ही धाग्यांची वेणी होते आणि संध्याकाळ ती सोडवण्यात जाते.

नियम ६ : बाळंतविडा

याची मुदत निसर्गाने घातलेली असल्यामुळे तो वेळेवर होतो, असा एक समज आहे. कुंची, टोपरं, मोजे, स्वेटर, दुपटं अशी यादी असते. त्यातलं टोपरं दोन संध्याकाळींत होतं. म्हणून माझ्या पेटीत टोपरी भरपूर आहेत.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. आधी बाळंतपणाचा महिना विचारावा, मग टाके मोजावेत. बाळ चैत्रात झालं तर त्याची पहिली थंडी मार्गशीर्षात येणार, तेव्हा ते आठ महिन्यांचं असणार. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर पस्तीस सेंटिमीटरच्या आसपास असतो, तोवर तो चव्वेचाळीसच्या घरात जातो. जन्माच्या मापाचं टोपरं मग फक्त बारशाच्या फोटोत दिसतं. नागपूरच्या एप्रिलात, बेचाळीस अंशांत, बाळाला लोकर घालून फोटो काढणाऱ्या आत्यांना काय म्हणावं! बाळाला बोलता येत नाही म्हणून निभावतं. आणि तान्ह्यासाठी जाळीची वीण घेऊ नये, मोज्यांच्या आत लोंबते धागे ठेवू नयेत. एवढाल्या बोटांभोवती धागा गुंडाळला जातो आणि मूल का रडतंय ते लवकर कळत नाही. यात गंमत नाही.

नियम ७ : बाजूला ठेवण्याची रीत

ओळ अर्ध्यात सोडू नये. टाके सुईवर ठेवून उन्हाळा काढू नये. त्या ओळीचा वळ स्वेटरवर उमटतो, आणि ती सुई आज ना उद्या दुसऱ्या कामाला लागतेच. टाके वेगळ्या रंगाच्या सुती दोऱ्यावर ओवून ठेवावेत. कठीण नक्षी सुरू करण्याआधीही असा दोरा ओवावा. पुढे काही बिघडलं तर उसवताना काम त्या दोऱ्याशी येऊन थांबतं. सोबत एक चिठ्ठी टाचावी : सुईचा नंबर, एकूण टाके, कितवी ओळ, कुणासाठी. शेवटचा तपशील पेन्सिलीने लिहावा. माणसं जाड होतात, लग्न करून जातात, कधी बोलणंच बंद होतं.

पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. ‘राहील लक्षात’ असं कधीही म्हणू नये.

नियम ८ : किंमत

थंडीची चाहूल लागली की शहरात तिबेटी मंडळींची स्वेटरची दुकानं लागतात. त्यांना पाहुणे समजायचं कारण नाही. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावाजवळ तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत १९७२ पासून आहे. या दुकानांतला माल बहुतेक लुधियान्याच्या यंत्रांवरचा असतो. विणणाऱ्या बाईने तिथे नवऱ्याला नेऊ नये. तो एका स्वेटरची किंमत विचारतो, मग घरातल्या लोकरीचा हिशेब आठवतो आणि गप्प होतो. बोलला असता तर उत्तर देता आलं असतं.

एकटीने मात्र जरूर जावं, तेही दुपारी, गिऱ्हाईक नसताना. दुकानात बसलेली बाई बऱ्याचदा हातात स्वतःचं विणकाम घेऊन बसलेली असते. तशाच एकीने माझ्या पिशवीतून डोकावणारी पाठ मागून घेतली. न बोलता अंगठा फिरवत गेली आणि वीसेक ओळी खाली एका जागी थांबली. तिथे सुलटच्या जागी उलट टाका पडला होता. मी म्हटलं, उसवावं लागेल. तिने मान हलवली. वरचा तेवढा एकच टाका सुईवरून सोडला, खालपर्यंत शिडी उतरू दिली, चुकलेला टाका सोडवून सरळ केला आणि क्रोशाच्या सुईने एकेक पायरी उचलत टाका परत वर आणून सुईवर ठेवला. शेजारच्या टाक्यांना धक्का नाही. मग पाठ माझ्या हातात देऊन विचारलं, “बाकी कहाँ है?”

नियम ९ : ‘झालं का?’ या प्रश्नास द्यावयाचं उत्तर

“काय करून राहिली गं?”
“विणून राहिली, ताई.”
“तेच का अजून?”

याला उत्तर म्हणून १९५३चा नागपूर करार पुढे करावा. त्याच्या पुण्याईने दर हिवाळ्यात अख्खं विधिमंडळ मुंबईहून इथे येतं, चौदा अंशांत जाकिटं घालून हुडहुडतं आणि बरंच कामकाज पुढच्या अधिवेशनावर टाकून परत जातं. त्यांना कुणी “तेच का अजून?” विचारत नाही. स्वेटरही पुढच्या अधिवेशनात घेतला जाईल.

हे उत्तर मी सासूबाईंना एकदा देऊन पाहिलं होतं. १९६२च्या हिवाळ्यात, चीनच्या युद्धाच्या वेळी, देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, कानटोपे विणले. त्यात सासूबाईही होत्या. सगळे एकाच रंगाचे, दोन सुलट दोन उलट, कुठे नक्षी नाही. मी विचारलं, “त्यातले अर्धे राहिले किती?” त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. त्या थंडीत कुडकुडणारं माणूस डोळ्यांसमोर होतं. माझ्या पेटीतले बरेच स्वेटर अशा लोकांसाठी आहेत, ज्यांच्याकडे आधीच चार स्वेटर आहेत.

नियम १० : उसवण्याचा मुहूर्त

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबतीचा पुतळा मिरवत नेतात. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून. लोक आपापली इडापिडा तिच्यासोबत गावाबाहेर धाडतात. त्या दिवशी पेटी उघडावी आणि ज्या कामाकडे बघून नुसती चीड येते ते बाहेर काढावं. “मोराची नक्षी घेऊन जा गे मारबत!” असं म्हणावं आणि धागा ओढावा. उसवलेला धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून त्याची लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवावी आणि खाली हलकं वजन अडकवून वाळत टाकावी. कुरळेपणा बराचसा जातो. मग त्याच लोकरीचं नवं काहीतरी सुरू करावं. लोकर मोडीत निघत नाही.

नियम ११ : घरात एक तरी संपवणारं माणूस असावं

विणून झालेले तुकडे जोडणं हे विणणंच नव्हे. पाठ आणि पुढा कडेला कड लावून, टाक्याला टाका धरून, शिवण दिसणार नाही असे शिवायचे, मुंढ्यात बाही बसवायची, लोंबते धागे आत घ्यायचे, बटणं लावायची. हे सगळं ताई करतात. त्यांच्या शिवणीवरून बोट फिरवलं तरी जोड लागत नाही. दर वर्षी मार्गशीर्षात त्या येतात, पेटी उघडतात, पुटपुटतात आणि जे जोडण्याजोगं असेल ते घेऊन जातात. जाताना “हे काय सोंग केलंस?” म्हणतात. आठवड्याभरात स्वेटर होऊन येतो.

त्यांना जमत नाही ती सुरुवात. दुकानात त्या रंगांपुढे तासभर उभ्या राहतात आणि राखी घेऊन येतात. वर्षानुवर्षं राखीच. अलीकडे रंग मी निवडते, नमुना मी काढते, टाके घालून बॉर्डरही मीच चढवून देते. तिथून पुढे त्या मागे वळून बघत नाहीत. हे दोघींच्या नवऱ्यांना माहीत नाही. त्यांचा समज असा आहे की आमचं पटत नाही. तसं ते पटत नाहीच.

या व्यवहारात पैसे आणू नयेत. थंडीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त असतो, तेव्हा सांबारवडीवर भागवावं. सांबार निवडणं, सारण परतणं, पारी लाटणं एवढं मी करते. तळतात ताई.